चौथ्या उताऱ्यातली कालवड

मेंग छांगशान इंग्रजीत तीन वेळा नापास झाला होता आणि तिन्ही वेळा गाईंना त्याचा काही फरक पडला नव्हता. या वेळी पडणार होता.

जिल्ह्याचा नवा नियम आला होता. ज्या गुरांच्या दवाखान्यात वरिष्ठ दर्जाचा डॉक्टर नाही, त्या दवाखान्याला येत्या शरदापासून स्वतःच्या चिठ्ठीवर औषध देता येणार नव्हतं. शीवान गावच्या दवाखान्यात एकोणतीस वर्षं मेंग एकटाच डॉक्टर. वरिष्ठ व्हायला लागतं ते सगळं त्याच्याकडे होतं, फक्त बढतीची इंग्रजी परीक्षा राहिली होती. गाईच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालणाऱ्या माणसाला इंग्रजी कशाला, असं त्याने एकदा जिल्हा कचेरीत विचारलं होतं. तिथल्या बाईंनी फाईल उघडून सांगितलं, की धरणाच्या इंजिनियरांना लागतं, सुईणींना लागतं, नाडी बघणाऱ्या वैद्यांनाही लागतं. गाईंनी स्वतःला वेगळं समजू नये.

तो नापास झाला, तर प्रत्येक चिठ्ठी बेचाळीस किलोमीटरवर उपसंचालक ल्याओकडे सहीला जाणार होती. ल्याओला इंग्रजीत एक्क्याण्णव गुण होते. गाई तो मोटारीच्या काचा वर करून बघायचा.

"बेचाळीस जायला, बेचाळीस यायला," मेंगची बायको ग्वेइलान बाजरीची पेज वाढता वाढता म्हणाली. "तोवर गाय मरून तिचं कातडं वाळेल. म्हाताऱ्या, शिकवणी लाव."

शिकवणी दर शनिवारी सकाळी बियाण्यांच्या दुकानाच्या माडीवर भरायची. शिकवणाऱ्या रुआन बाई चोवीस वर्षांच्या होत्या आणि समोर बसलेल्यांत सगळ्यात लहान विद्यार्थी एकेचाळीस वर्षांचा, दातांचा डॉक्टर होता. पहिल्याच दिवशी बाईंनी फळ्यावर नियम लिहून दिले. उतारा वाचायचा नाही. आधी प्रश्न वाचायचा, त्यातला एक शब्द उचलायचा, तो उताऱ्यात कुठे आहे ते शोधायचं आणि त्या ओळीपुरतं बघून परत यायचं. ज्या पर्यायात 'नेहमी' किंवा 'कधीच' असेल तो चूक. तीन पर्याय लांब आणि एक आखूड असेल तर आखूड घ्यायचा. काहीच सुचलं नाही तर तिसरा. बाई स्वतः याच नियमांवर अख्ख्या तालुक्यात पहिल्या आल्या होत्या. सहावीपासून आजवर त्यांनी एकही उतारा शेवटपर्यंत वाचलेला नव्हता आणि हे त्या स्वतःची नजर शाबूत असल्याचं सांगावं तितक्या साधेपणाने सांगायच्या.

मेंगची अडचण अशी, की तो वाचायचा. परीक्षेत शब्दकोश न्यायला परवानगी होती, त्यामुळे त्याला एक एक शब्द उकरत उतारा पूर्ण करता यायचा आणि एकदा पूर्ण केला, की त्याला त्यातल्या माणसांची काळजी लागायची. एका उताऱ्यात एक विधवा बाई नव्या शहरात राहायला जाते, तिला कोणी ओळखत नाही, आणि ती खिडकीत बसते. बस, एवढ्यावर उतारा संपला होता. मेंगने पुढच्या शनिवारी हात वर केला.

"बाई, त्या बाईंचं पुढे काय झालं?"

"पुढे पाच प्रश्न आहेत, काका."

"तिला कोणी भेटलं का पण?"

"भेटलं असतं तर प्रश्न सहा असते," रुआन बाई म्हणाल्या आणि फळा पुसायला वळल्या.

शब्दांचं मात्र त्याने स्वतःच्या पद्धतीने जमवलं होतं. शब्दांची यादी वर्णक्रमाने होती, साडेतीन हजारांची, आणि वहीत लिहून ती त्याच्या डोक्यात राहत नव्हती. डोक्यात गाई राहायच्या. म्हणून त्याने प्रत्येक गाईला एक शब्द दिला. यादीतला पहिला शब्द 'अबॅन्डन', म्हणजे सोडून देणे. तो थोंग आजीच्या गाईला मिळाला, कारण तिने आपल्या वासराला जवळ येऊ दिलं नव्हतं. अकरा दिवस उशिरा व्यायलेली ती 'डिले'. गोठ्याच्या उंबऱ्यावर एक पाय आत, एक पाय बाहेर ठेवून विचार करणारी 'हेझिटेट'. महिन्याभरात मालकही तीच नावं घ्यायला लागले. डॉक्टर, आमची हेझिटेट वैरण खात नाही, असा निरोप यायचा आणि मेंग मनात अर्थ म्हणत सायकलवर बसायचा.

पद्धतीत दोन उणिवा होत्या. गाय विकली गेली, की शब्द जायचा. 'जस्टिफाय' मार्चमध्ये शेजारच्या जिल्ह्यात विकली गेली आणि त्या दिवसापासून मेंगला तिचा अर्थ आठवेना. दुसरी उणीव म्हणजे गाई 'एल' या अक्षरापाशीच संपल्या. पुढचे शब्द त्याने मेंढ्यांना वाटले, पण मेंढ्या सगळ्या सारख्याच दिसतात; त्यामुळे 'एम'पासून पुढची इंग्रजी त्याला शेवटपर्यंत एकच लांबलचक शब्द वाटत राहिली.

सरावात त्याला अडतीस पडले, मग चव्वेचाळीस. पास व्हायला साठ हवे होते आणि परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती. शेवटी रुआन बाईंनी एक जुनं वर्तमानपत्र घेतलं, त्याला मधोमध एका ओळीएवढी चीर पाडली आणि ते त्याच्या उताऱ्यावर ठेवलं. चिरीतून दिसेल तेवढंच बघायचं. चीर सरकवायची, शब्द सापडला की थांबायचं. मेंगला हे भिंतीतल्या फटीतून जनावर तपासल्यासारखं वाटलं. शेपूट दिसलं तर गाय समजायची. पण त्या दिवशी त्याला एकाहत्तर गुण पडले.

"बघा," बाई म्हणाल्या. "काय होतं उताऱ्यात?"

"काही कल्पना नाही."

"मग झालात तुम्ही पास."

परीक्षा एप्रिलमध्ये शहरातल्या एका शाळेत होती. ग्वेइलानने चार वाफवलेले पाव, खारवलेल्या मुळ्याचे तुकडे आणि एक धमकी बांधून दिली. धमकी अशी, की ल्याओ सहीसाठी चिठ्ठी थांबवून ठेवेल तेव्हा लोक ओरडायला दवाखान्यात येणार नाहीत, घरी येतील, आणि दार तिला उघडावं लागेल.

वर्तमानपत्र आत नेऊ दिलं नाही. मेंगने प्रवेशपत्र आणि ओळखपत्र उताऱ्यावर ठेवून मध्ये फट राखली. पहिले तीन उतारे त्याने असे पार केले, की ते समुद्राबद्दल होते की सासूबद्दल, हे त्याला आजही सांगता येणार नाही. चौथ्या उताऱ्यावर त्याने दोन्ही पत्रं ठेवली, फट सरकवली आणि फटीत एक शब्द आला: 'काऊ'. हा एक शब्द त्याने कोणत्याच गाईला दिला नव्हता. त्याची गरजच पडली नव्हती.

त्याने प्रवेशपत्र उचललं. भिंतीवरच्या घड्याळात सकाळचे दहा चाळीस झाले होते.

हॅरिस नावाच्या शेतकऱ्याची तांबडी कालवड ओल्या गवतात चरली होती. संध्याकाळी तिची डावी कूस फुगली. ती दात खात होती, धापा टाकत होती. हॅरिसने तिला दोन बादल्या गार पाणी पाजलं, गवतावर आडवी केली, वर घोंगडी घातली आणि तिच्या मानेवर हात ठेवून तो सकाळ व्हायची वाट बघत बसला. उतारा संपला. खाली प्रश्न होते. हॅरिस कसा माणूस आहे? पर्याय: प्रेमळ, आळशी, गर्विष्ठ, श्रीमंत. उताऱ्याला शीर्षक द्या.

मेंगने पेन्सिल खाली ठेवली. ही साधी पोटफुगी होती. शेंबडं पोरही सांगेल. फुगलेल्या जनावराला आडवं करायचं नसतं. सकाळपर्यंत थांबलं तर सकाळी गाय नसते, फक्त घोंगडी असते. त्याने पुन्हा सगळे पर्याय वाचले. 'अडाणी' कुठेच नव्हतं. हॅरिसने पुढे काय करावं, या पाचव्या प्रश्नाला चार उत्तरं होती आणि चारही उत्तरांत कालवड मरत होती. त्याला बाईंचे नियम आठवले. तीन लांब आणि एक आखूड होतं; आखूड होतं ते 'वाट बघावी'.

चुकीच्या उपचाराखाली त्याने एकोणतीस वर्षांत खूण केली नव्हती. पाचही जागा त्याने कोऱ्या सोडल्या. त्याला गणित कळत होतं. पंधरा गुण गेले होते. मग त्याने शब्दकोश ओढला आणि प्रश्नपत्रिकेच्या समासात लिहायला घेतलं. इंग्रजीत स्वतःहून लिहिलेली ती त्याच्या आयुष्यातली पहिली ओळ: गाय उठवा. दुसऱ्या ओळीसाठी 'तेल' हा शब्द शोधताना सात मिनिटं गेली. समास भरला तेव्हा पर्यवेक्षकाने पंधरा मिनिटं उरल्याचं सांगितलं. पाचवा आणि सहावा उतारा त्याने वाचला नाही, फटीतूनसुद्धा बघितला नाही. आखूड दिसेल तिथे आखूड, नाहीतर तिसरा, असं करत त्याने शेवटपर्यंत गोळे काळे केले.

घरी आल्यावर त्याने झालं ते सांगितलं. ग्वेइलानने विचारलं, की ती कालवड कोणाची होती. कोणाचीच नाही, परीक्षेतली, हे ऐकून तिने सूर्यफुलाच्या भाजलेल्या बियांचं ताट त्याच्यापुढून उचलून नेलं आणि रुआन बाईंना फोन लावला. बाईंनी पलीकडून हिशेब मांडला. काकांचे पहिले तीन उतारे ठीक धरले तरी शेवटचे दोन नशिबावर. फार तर चोपन्न, पंचावन्न. त्यानंतरचे दोन महिने मेंग चिठ्ठ्यांच्या जुन्या पुस्तकावर उगाच सह्या करून बघत होता, जणू हात सही विसरेल.

निकाल जूनमध्ये लागला. एकसष्ट.

रुआन बाई स्वतः दवाखान्यात आल्या. त्यांनी मेंगने आठवून सांगितलेली उत्तरं तीनदा जुळवून बघितली होती. जे दोन उतारे त्याने डोळ्यांनी पाहिलेही नव्हते, त्यांत दहापैकी आठ बरोबर होती. बाईंना पद्धतीचा अभिमान वाटत होता आणि थोडी भीतीही. ल्याओचा अभिनंदनाचा फोन आला. त्याच्या आवाजात सुटका झालेल्या माणसाचा गोडवा होता.

जुलैत नवं पुस्तक आलं. प्रत्येक चिठ्ठीच्या तळाशी छापलेलं होतं: मेंग छांगशान, वरिष्ठ पशुवैद्य. बाहेर दावणीला कोणी जनावर नव्हतं. मेंगने शाईचं पेन काढलं आणि पहिली चिठ्ठी भरली. जनावर: कालवड, तांबडी, अंदाजे दोन वर्षं. मालक: हॅरिस. पत्ता: उतारा चौथा. लक्षणं: डावी कूस फुगलेली, दात खाणे, धाप. उपचार: ताबडतोब उभी करणे, पुढचे पाय उंचावर. तोंडात आडवं लाकूड. जवसाचं तेल अर्धा लिटर, सावकाश. उतार न पडल्यास डाव्या कुशीच्या खळग्यात पोकळ सुई. आडवी करू नये. शेवटच्या वाक्याखाली त्याने दोन रेघा मारल्या, सही केली, शिक्का उठवला.

ग्वेइलान जेवणाचा डबा घेऊन आली होती. तिने चिठ्ठी वाचली. "ही कुठे पाठवणार?"

"परीक्षा मंडळाला. मालकाचा पत्ता त्यांच्याकडे असणार."

तिने डबा टेबलावर ठेवला, चिठ्ठी पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचली आणि तारखेवर बोट ठेवलं.

"आजची घातलीस तर ती तीन महिन्यांपूर्वीच मेलेली असणार, म्हाताऱ्या. परीक्षेची घाल."

तारीख मागची टाकणं नियमात बसत नव्हतं आणि नवं पुस्तक येऊन अजून तासही झाला नव्हता. मेंगने चिठ्ठी फाडली, दुसरी भरायला घेतली आणि तारखेच्या रकान्यात एप्रिलचा तो दिवस लिहिला. वेळही घातली: सकाळी दहा चाळीस.