बबडीचं स्वगत

बबडीच्या कॉलेजात त्या वर्षी एक जुनं गाजलेलं नाटक बसवत होते. त्यातलं नायिकेचं काम तिला मिळालं होतं. घरी तिने एवढंच सांगितलं, की कॉलेजच्या कार्यक्रमात भाग घेतलाय. वडील बसवर ड्रायव्हर होते, कायम रात्रपाळीला. दिवसा ते झोपत आणि घरात भांडं पडलेलंही त्यांना खपत नसे. म्हणून बबडी आतल्या खोलीचं दार लोटून, हळू आवाजात पाठांतर करायची.

एका दुपारी तिच्या आत्याने ते दाराबाहेरून ऐकलं. आत्या नवरा गेल्यापासून त्यांच्याकडेच राहायची. "बाबांना कळलं तर माझी धडगत नाही," बबडी म्हणत होती. "पण उद्या ते झोपले, की मी मागच्या दाराची कडी काढून ठेवीन. तू ये. नक्की ये."

आत्याने ते सगळं, शब्दन् शब्द, बबडीच्या आईसमोरच भावाच्या कानावर घातलं.

दुसऱ्या दिवशी वडील डोळे मिटून पडून राहिले. बबडी वाळत घातलेले कपडे आणायला मागच्या दाराकडे गेली. तिने कडी काढली आणि मागून तिच्या वेणीला हिसका बसला.

"कोण येणार आहे? बोल!"

"कोणी नाही! बाबा, ते नाटकातलं आहे!"

"नाटकं पुरे झाली तुझी!"

तिचा फोन त्यांनी भिंतीवर आपटला. बबडीने आईकडे पाहिलं. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. लेक खोटं बोलत नाही असं तिला आतून वाटत होतं, पण नवऱ्याचा राग चढला की मध्ये पडायचं नाही, ही तिची संसारभराची सवय. तिने मान खाली घातली आणि गॅसकडे वळली.

बबडीचं कॉलेज त्याच दिवशी बंद झालं. आत्याने ओळखीतलं स्थळ आणलं. मुलगा कसला, चांगला बाप्या होता, बबडीहून सोळा वर्षांनी मोठा. गाव लांबचं, घरात सासू आणि एक लग्न न झालेली नणंद. महिन्याच्या आत लग्न उरकलं. निघताना बबडी रडली नाही, हे आत्याला फार खटकलं.

आई एका लाँड्रीत इस्त्रीच्या टेबलावर काम करायची. काही महिन्यांनी तिथे नाटकाच्या कपड्यांचं गाठोडं आलं. झालरीचे सदरे, घेरदार झगे. सोबत कॉलेजच्या नाटकाच्या मॅडम होत्या. झालर चुरगळायला नको म्हणून त्या टेबलाशीच थांबल्या.

"नाटक कशावर आहे हो?" आईने विचारलं.

मॅडमना सांगायची हौसच होती. "सुखान्तिका आहे. म्हणजे शेवट गोड. नायक नायिकेच्या घरी माळी बनून राहतो. तिने त्याला पहिल्याच दिवशी ओळखलेलं असतं, पण ती दाखवत नाही. तिचा बाप भारी तापट. एक चोंबडा नोकर आहे, तो सगळा घोळ घालतो. लोक हसून हसून बेजार होतात."

"मग मनातलं ती बोलते कुणाजवळ?"

"कुणाजवळच नाही. तिला स्वगत आहे ना. स्वगत म्हणजे पात्राने स्वतःशीच बोलायचं. प्रेक्षकांना ऐकू येतं, पण नाटकातल्या इतर माणसांनी ते ऐकलेलंच नसतं." मॅडमनी आवाज बदलून म्हणून दाखवलं, "बाबांना कळलं तर माझी धडगत नाही. पण उद्या ते झोपले, की मी मागच्या दाराची..."

"कडी काढून ठेवीन," आई म्हणाली.

"अगबाई! तुम्हाला कसं माहीत?"

जळल्याचा वास आला तेव्हा मॅडमनीच इस्त्री उचलली. सदऱ्याच्या पाठीवर तपकिरी डाग उमटला होता.

"हे काम आधी एक मुलगी करायची," आई म्हणाली.

"हो, फार गुणी पोरगी. मध्येच सोडून गेली. लग्न झालं म्हणे तिचं."

"माझी मुलगी ती." मग तिने विचारलं, "आणि त्या बापाचं काय होतं, शेवटी?"

मॅडमचा आवाज एकदम उतरला. "तोच लग्न लावून देतो. तिच्या मनातल्या मुलाशी."

घरी येऊन आईने नवऱ्याला सगळं सांगितलं. ते बुटाची नाडी बांधत होते. बराच वेळ बांधत राहिले. मग म्हणाले, "बरं. लग्न कधीतरी करायचंच होतं ना?" आणि कामावर निघून गेले. आत्या देवाशपथ सांगत राहिली, की आपण जे ऐकलं तेच सांगितलं. त्यात खोटं काहीच नव्हतं.

आई पहिल्यांदाच एकटी प्रवास करून लेकीच्या गावी गेली. बबडी वाळली होती. डाव्या कोपरावर जुना पिवळट वळ होता. नणंद चहा घेऊन आली आणि तिथेच बसून राहिली. ती कप ठेवायला आत गेली तेव्हा कुठे आईला बोलता आलं.

"मला कळलं गं. ते नाटकातलंच होतं."

"मी सांगितलं होतं तेव्हा."

"माझं चुकलं. चल माझ्याबरोबर."

"कुठे? त्याच घरी?" बबडी म्हणाली. नणंद परत येत होती. बबडी उठली आणि धुणं भिजवायला गेली.

परतल्यावर आईने लाँड्रीच्या मालकिणीकडे दुकानामागची खोली मागितली. खिडकी नसलेली, दिवसभर वाफेने कोंदणारी. आपले कपडे आणि चार भांडी घेऊन ती तिथे राहायला गेली. नवऱ्याने अडवलं नाही. दोन दिवसांत येईल परत, असं ते शेजाऱ्यांना सांगत होते. आईने बबडीच्या सासरी फोन करून तिला खोलीचा पत्ता सांगितला. पलीकडून फक्त "बरं" एवढंच आलं.

बबडी पावणेदोन वर्षांनी आली, भर दुपारी, एका पिशवीनिशी. गालाचं हाड सुजलेलं होतं. आईने अंथरूण घालून दिलं. पुढे तिला एका कारखान्यात डबे भरायचं काम मिळालं. संध्याकाळी ती येते, आईने वाढलेलं जेवते, भांडी घासून टाकते. भाजी खारट झाली तर तसं सांगते. आई म्हणून हाक मात्र तिने अजून मारलेली नाही.