डाव्या दाराची वायर

डॅशबोर्डातला प्लेअर बाहेर ओढला आणि मागची वायरिंग बघून वायरमन म्हणाला, "कुणा गाढवाने केलंय हे?"

गाडीवाल्या बाई शेजारीच उभ्या होत्या. "फार बिघडवलंय का, काका?"

"कंपनीचा कनेक्टरच कापून टाकलाय, ताई. आता तुमचा जुना रेडिओ जोडायचा कुठे?"

तो जुना रेडिओ बाईंनी फडक्यात गुंडाळून आणला होता. दोन सीटांची ही स्पोर्ट्स कार त्यांच्या वडिलांची. वडील थकले होते. गाडी पहिल्यासारखी करून त्यांना एकदा फिरवून आणायचं बाईंच्या मनात होतं.

वायरमनने टॉर्च आत घातला आणि त्याचा हात थांबला. प्रत्येक जोडावर टेप, आणि टेपवर मेण लावलेला दोरा. उन्हाने टेप सुटू नये म्हणून असा दोरा तो एकटाच बांधायचा. त्याच्याकडे आली होती तेव्हा गाडी लाल होती. मधे कधीतरी निळी केलेली, म्हणून ओळखू आली नव्हती.

"वडील काय करायचे?" त्याला उत्तर ठाऊक होतं, तरी विचारलं.

"पियानो सुरात लावायचे. शाळा, हॉटेलं, लोकांची घरं. मग एकोणीस वर्षांपूर्वी अचानक सोडलं. कान गेला म्हणाले. डॉक्टर म्हणाले, किरकोळ आहे, या वयात चालायचंच. पण बाबांचा स्वतःवरचा विश्वासच उडाला. लोकांचे पियानो बिघडवून ठेवीन म्हणायचे. हत्यारंसुद्धा देऊन टाकली."

बाई गेल्यावर त्याने डाव्या दाराचं पॅनल उघडलं. स्पीकरच्या दोन्ही वायरी उलट जोडलेल्या होत्या.

त्याला सगळं आठवलं. एकोणीस-वीस वर्षांपूर्वीचा तो घाईचा दिवस होता. नव्या प्लेअरला कनेक्टर बसेना, म्हणून त्याने तो कापला आणि रंगांच्या अंदाजाने वायरी जोडल्या. दोन दिवसांनी पियानोवाले ते गृहस्थ परत आले. "आवाज पोकळ येतोय. गाणारा समोर वाटत नाही, कुठेतरी विरघळल्यासारखा वाटतो." तीन गाड्या खोळंबल्या होत्या. त्याने गाडीत डोकं घालून ऐकल्यासारखं केलं आणि वेळ मारून नेली. "मला तर झकास ऐकू येतंय, सर. एकदा कान तपासून घ्या." गॅरेजमधले सगळे हसले. ते गृहस्थ मात्र हसले नव्हते. "असेल," एवढंच म्हणून ते गेले होते.

पुढचे दोन दिवस त्याने दुसऱ्या कामाला हात लावला नाही. भंगारातल्या तशाच गाडीतून कनेक्टर काढून आणला. वायरिंगचा नकाशा समोर ठेवून एकेक वायर मीटरने तपासली, डाख दिला. शेवटी रेडिओ लावला, तेव्हा गाणाऱ्या बाईचा आवाज बरोबर समोरच्या काचेच्या मध्यावर येऊन उभा राहिला. तो ऐकत बसला. गप्प राहिलं असतं तर कुणाला कळणार होतं? पण जेवण जाईना. शेवटी गाडी घेऊन तो स्वतःच त्यांच्या घरी गेला.

म्हातारे दारात खुर्ची टाकून बसले होते. या कानाने थोडं येतं, अशी बाईंनी खूण केली, तसा तो त्यांच्या उजव्या कानाशी वाकला.

"सर, तुमच्या गाडीत तो प्लेअर मी बसवला होता. डावी वायर उलटी जोडली होती मी. तुमचा कान ठीक होता."

"उलटी म्हणजे कशी?"

त्याने दोन तळवे समोर धरले. "एक स्पीकर पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे ओढतो. दोघं मिळून आवाज खाऊन टाकतात."

म्हाताऱ्यांनी स्वतःचे दोन्ही तळवे तसेच हलवून पाहिले. "मी पोकळ म्हणालो होतो ना?"

"हाच शब्द, सर."

"म्हणजे मला बरोबर ऐकू येत होतं."

"हो. माझं चुकलं."

"हिची आई होती तेव्हा कळायला हवं होतं," ते म्हणाले. "माझी समजूत घालून घालून थकली बिचारी. आता काय, आता खरंच ऐकू येत नाही."

दारात उभ्या असलेल्या बाईंचा चेहरा उतरला होता. त्यांनी वायरमनच्या हातातून किल्ली काढून घेतली. वडिलांना धरून त्यांनी गाडीत बसवलं, स्वतः स्टिअरिंगवर बसल्या आणि रेडिओ लावला. म्हाताऱ्यांनी मान वळवून उजवा कान पुढे केला.

"मध्ये आहे का गं गाणारा?"

"हो बाबा. अगदी मध्ये."

"मग बरोबर आहे," ते म्हणाले. काम तपासून झाल्यावर म्हणतात, तसं.

गाडी वळणाआड गेली. वायरमन फाटकाशी उभा होता. तो गाडी पोचवायला आला होता; परत कसा जाणार, हे कुणी विचारलं नव्हतं आणि त्यालाही सुचलं नव्हतं. त्याने फाटक ओढून घेतलं, कडी लावली आणि तो चालू लागला.