कंसातलं नाव

पाहुणी लेखिका ग्रंथालयाच्या पायऱ्या चढून आली आणि दाराजवळच्या भित्तिपत्रकासमोर थबकली. ग्रंथपालबाई हात पुढे करून स्वागताला आल्या होत्या. तो हात तसाच राहिला.

"हे नाव कुणी छापलं?"

पत्रकावर तिचं टोपणनाव ठळक अक्षरांत होतं आणि पुढे कंसात खरं नाव, आडनावासकट.

"मीच," ग्रंथपालबाई म्हणाल्या. "पुस्तकाची नोंद करताना आम्ही असंच करतो. प्रकाशक सांगत नव्हते, पण मी पिच्छा पुरवला. वाचकांचा घोटाळा नको व्हायला."

"माझ्या नवऱ्याचाही होणार नाही आता."

तिच्या पुस्तकातली बाई नवऱ्याने बोटं मोडल्यावर रातोरात पळते. ग्रंथपालबाईंनी ते पुस्तक कादंबऱ्यांच्या कपाटात लावलं होतं. त्यांची नजर तिच्या डाव्या हाताकडे गेली. दोन बोटं वाकडी होती.

"कुठे कुठे लावलंय हे?"

"बसस्थानक, दवाखाना, बाजार..." त्यांचा आवाज खाली आला. "कार्यक्रम रद्द करू या."

"माणसं येऊन बसलीत. दार मात्र लावून घ्या."

"दिसतो कसा तो?"

"चारचौघांसारखा. बोलतो गोड."

ग्रंथपालबाईंनी मुख्य दाराला आतून कडी घातली आणि कुलूपही लावलं. शिपाई बघतच राहिला. "बाई, भाषण ऐकवायला माणसं कोंडून ठेवायची पाळी आली का आपल्यावर?"

"गप बैस."

ग्रंथालयाच्या सभागृहात खुर्च्या भरल्या होत्या. पुढच्या रांगेत निवृत्त हेडमास्तर होते. त्यांचा प्रश्न दरवेळी पाहुण्यांच्या भाषणापेक्षा लांब असे. लेखिकेने वाचायचा चष्मा चढवला आणि मान वर न करता प्रकरण वाचून काढलं. टाळ्या पडल्या. ग्रंथपालबाईंचा जीव भांड्यात पडला.

प्रश्नांची वेळ झाली. मास्तरांच्या आधी शेवटच्या रांगेतून, खांबाआडून एक हात वर आला. "ताई, मला माईक मिळेल का?"

प्रश्नकर्त्यापर्यंत माईक नेणं हे बाईंचंच काम. त्या लगबगीने गेल्या आणि माईक त्या माणसाच्या हातात दिला. "थँक्यू हं," तो हसून म्हणाला.

मग चालत पुढे निघाला.

"वाचताना आवाज किती छान लागला तुमचा. घरी एवढा शांत नसायचा. घरी किंचाळायचीस, आठवतं?"

लेखिकेने चष्मा काढला. उठायच्या आत तो टेबलापाशी पोचला आणि त्याने माईक तिच्या कपाळावर हाणला. हाडावर धातू आपटल्याचा आवाज चारही कोपऱ्यांतल्या कर्ण्यांतून घुमला. दुसरा घाव गालावर बसला. तिसऱ्याला तिने उजवा हात आडवा घातला आणि काहीतरी मोडल्याचं सगळ्या सभागृहाने ऐकलं.

लोक दाराकडे धावले. दाराला कुलूप होतं. एकमेकांवर पडत, खुर्च्या तुडवत ते आरडाओरडा करू लागले. मास्तर "अरे धरा त्याला!" म्हणून ओरडत होते आणि स्वतः खुर्चीमागे सरकत होते.

ग्रंथपालबाईंनी परत आलेल्या पुस्तकांची ढकलगाडी दोन्ही हातांनी धरली आणि जीव खाऊन त्याच्या पाठीत घातली. तो तोंडावर आपटला. गाडी उलटली. फळीवर पुस्तकं उभी ठेवायला असतो तो लोखंडी टेकू त्यांच्या हाताला लागला. तो माणूस वळून उठायला लागला तशी त्यांनी टेकू तोंडावर मारला. दात फरशीवर सांडले. पुन्हा मारला. त्याने त्यांचा पाय धरला तेव्हा मनगटावर, पाय सुटला तेव्हा कानशिलावर. जन्मात त्यांनी कुणाला चापट मारली नव्हती. हात वर जात होता, खाली येत होता, आणि पडलेला माईक प्रत्येक घाव साऱ्यांना ऐकवत होता.

"बाई." मनगटावर वाकडी बोटं आवळली. "तो कधीचा हललेला नाही."

बाईंनी टेकू टाकला. त्या माणसाच्या नाकाशी रक्ताचा बुडबुडा फुगत होता, फुटत होता. जिवंत होता.

लेखिकेचा एक डोळा मिटला होता. मोडलेला हात तिने पोटाशी धरला होता. "मागे दार आहे?"

"आहे. पण आधी दवाखान्यात—"

"तिथे नाव विचारतील. उद्या पेपरात येईल. त्याला भाऊ आहेत, पेपर वाचणारे."

शिपाई पुढे झाला, त्याने तिला खांद्याचा आधार दिला. कपाटांमधून ती दोघं मागच्या दाराकडे निघाली. फरशीवर थेंब पडत गेले. ग्रंथपालबाई रडत मागोमाग धावल्या.

"पण जाल कुठे तुम्ही?"

लेखिका उंबऱ्यावर थांबली. उघड्या डोळ्याने तिने त्यांच्याकडे पाहिलं.

"ते तुम्हाला सांगू?"

शिपायाने कडी काढली.