राखून ठेवलेली जागा

तेर गावात लिंबाजीच्या घरी कॉम्प्युटर आला, तेव्हा निम्मी वस्ती बघायला लोटली होती. दोन महिन्यांनी लिंबाजी गेला, तेव्हा उरलेली निम्मीही आली. त्याची बायको वनमाला दोन्ही वेळेला भिंतीला टेकून उभी होती आणि खरं सांगायचं तर दुसऱ्या वेळेला तिला काही कळतच नव्हतं. बायका कुजबुजल्या, "डोळ्याला टिपूस न्हाय बाई हिच्या!" आता रडू काय नळाचं पाणी आहे, तोटी फिरवली की यायला? तिला काही वाटतच नव्हतं. भाकरी भाजताना हात पोळला, तरी थोड्या वेळानं कळायचं.

लिंबाजी तालुक्याच्या दूध संघात कारकून होता. गावोगावच्या दुधाची बिलं हातानं लिहून कंटाळला, सोलापूरला रविवारचा क्लास केला आणि एक दिवस मशीनच घरी आणलं. संघाला म्हणाला, बिलं मी घरून काढून देतो. रोज संध्याकाळी तो वनमालाला शेजारी बसवून शिकवायचा. ती बारावी झालेली, चटकन शिकली. म्हणून तर तो गेल्यावर संघाचे चेअरमन नानासाहेब दारात येऊन म्हणाले, "पोरी, सोमवारी सगळ्या गावांची बिलं काढून दाव. काम तुझ्याकडंच ठिवतो. न्हाय निघाली, तर मला सोलापुरात द्यावं लागंल. मी एकटा न्हाय, मंडळ हाय." हे काम गेलं की घरात दुसरं काही येणार नव्हतं. वनमाला म्हणाली, "बरं." आजकाल ती सगळ्यालाच बरं म्हणायची.

शुक्रवारी निम्म्या गावांच्या दुधाचे आकडे आत भरून झाले आणि मशीननं हात वर केले. पडद्यावर इंग्रजीत एकच ओळ आली, जागा संपली. तिनं पुन्हा करून पाहिलं, पुन्हा तीच ओळ. मग एसटीच्या कंडक्टरजवळ सोलापूरला निरोप दिला.

शनिवारी सकाळी विरुपाक्ष आला. क्लासमधला लिंबाजीचा सोबती, ह्यानंच ते मशीन सोलापुरात जोडून दिलेलं. एरवी तोंडाची टकळी थांबायची नाही त्याची, पण दारात आला आणि अडखळला. "वहिनी, मला कळलंच उशिरा..."

"या भाऊ. लाइट हाय तवर बघून घ्या."

तो बसला. सासूबाई चांगुणा उंबऱ्यात बसून त्याच्या पाठीकडं बघत होती. त्यानं फ्लॉपी घातली, खटाखटा काही दाबलं आणि एकदम हसला. "हात्तिच्या! वहिनी, जागा संपली कुठं? चाळीस एमबीची डिस्क आहे. लिंबाजीनं वीसच वापरायला काढली. बाकीची निम्मी पडीक आहे."

"म्हंजे?"

"डिस्क म्हणजे कोरं रान धरा. बांध घालून सांगावं लागतं, हा तुकडा सी, हा तुकडा डी. बांध घातल्याबिगर मशीनला ते रान दिसतच नाही. मी त्याला बजावलं होतं, पहिला तुकडा बत्तीसचा कर, त्याहून मोठा होत नाही, आणि उरलेल्या आठाचा दुसरा. व्हय व्हय म्हणाला आणि घरी येऊन हे असं. चुकलं असेल गड्याचं."

"चुकलं न्हाय," वनमाला म्हणाली. "राखून ठिवलं असंल."

चुकेल कसा तो? बाहत्तरच्या दुष्काळात लिंबाजी पंधरा वर्षांचा होता, नळदुर्गच्या रस्त्यावर खडी फोडायला जायचा. तिथं मजुरांना खायला सरकारी सुकडी मिळायची. आईनं शिकवलेलं, निम्मी खा, निम्मी फडक्यात बांध. त्या निम्म्या सुकडीवर त्याची धाकटी बहीण जगली, म्हणून पुढं त्याच्या ह्या खोडीला नाव ठेवायची कुणाची छाती झाली नाही. साबणाची वडी आणली की अर्धी कापून ठेवणार. नवी धोतरजोडी सोडा, नवा टॉवेलसुद्धा मधून फाडणार. वनमाला हसायची. मग त्याचं ब्लडप्रेशर वाढलं, डॉक्टरांनी रोज एक गोळी दिली आणि हा बाबा त्या गोळीचेही दोन तुकडे करायला लागला. वनमालाला पत्ता नव्हता. तो गेल्यावर फळीवर तपकिरीची डबी सापडली, अर्ध्या अर्ध्या गोळ्यांनी गच्च भरलेली. तिनं झाकण लावून ती परत जागेवर ठेवली होती. अजून तिथंच होती, मशीनच्या मागं.

हे तिनं विरुपाक्षाला सांगितलं, बाजाराचा भाव सांगावा तसं. त्यानं खुर्ची तिच्याकडं वळवली.

"मग काय करू वहिनी? डी कर म्हणालात तर आत्ता करतो. ते तसंच ठेवायचं असेल, तर सी मधलं काहीतरी पुसावं लागेल. मागच्या सालाचा हिशेब आहे, त्यानं घातलेला."

वनमालानं चांगुणाकडं पाहिलं.

"राखलेल्याला हात लावू न्हाय, पोरी," म्हातारी म्हणाली. "म्होरलं साल कसं निघंल, कुणी सांगावं?"

"आत्याबाई, सोमवारी बिलं निघाली न्हाईत, तर म्होरलं साल कुठलं?" वनमाला म्हणाली. आणि विरुपाक्षाला म्हणाली, "करा डी. सगळं करा. जराबी मागं ठिवू नका."

त्यानं बांध घातला, मशीन बंद करून चालू केलं. पडद्यावर सूचना आली. ह्यातलं सगळं पुसलं जाईल, पुढं जाऊ का?

"घाबरू नका, ते सगळ्यांना असंच विचारतं. आत काहीच नाही."

"मी दाबते," वनमाला म्हणाली. तो उठला, ती खुर्चीवर बसली. काहीच नाही म्हणे! तिनं बटण दाबलं. डिस्क किरकिरायला लागली, आकडे एकेक पुढं सरकू लागले, आणि बघता बघता तिला राग आला. सणसणीत राग. कुणासाठी राखलंत हो? मला विचारलंत का एकदा तरी? इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिला काहीतरी वाटलं होतं.

"नाव द्यायचं का डिस्कला? देता येतं," विरुपाक्ष म्हणाला.

"नको. कामाला लागू दे तिला."

दुपार कलताना उरलेली गावं आत गेली. विरुपाक्षानं चार बिलं छापून पाहिली, बरोबर निघाली. "सोमवारची काळजी सोडा," म्हणाला, चहा घेतला आणि एसटी गाठायला पळाला.

वनमाला प्रिंटरचे सलग कागद फाडून सुटे करत होती, तेवढ्यात उंबऱ्यातून कट्ट असा बारीक आवाज आला. चांगुणालाही प्रेशरची गोळी होती. म्हातारीनं अर्धी तोंडात टाकली आणि अर्धी पदराच्या गाठीला बांधायला घेतली.

वनमालानं कागद खाली ठेवले. तांब्या भरला, जाऊन तिच्यापुढं धरला.

"ती पण घ्या."

"ऱ्हाऊ दे गं. उद्याला व्हईल."

"उद्याची उद्या आणीन मी. घ्या म्हणते ना!"

ह्या घरात आल्यापासून ती सासूशी एवढ्या मोठ्यानं बोलली नव्हती. चांगुणानं तिच्याकडं पाहिलं, मग तिच्यामागच्या, डबी ठेवलेल्या फळीकडं पाहिलं. गोळी तोंडात टाकली, पाणी प्यायली आणि मोकळा झालेला हात तसाच मांडीवर ठेवून बसली.

"आता राखायला काय ऱ्हायलं गं?"

"तुमी," वनमाला म्हणाली, आणि म्हातारीच्या शेजारी उंबऱ्यावरच बसली. मग तिला रडू आलं. चांगुणानं तिला थांबवलं नाही.