चव्वेचाळीस पायऱ्या

सकाळी दहा वाजून अकरा मिनिटांनी क्रेनवालीने बटण दाबले. तेव्हा ती कारखान्याच्या छताखाली, चव्वेचाळीस पायऱ्या वर, आपल्या जुन्या केबिनच्या दाराशी उभी होती. दुरुस्तीसाठी क्रेन बंद होती. तेवढी संधी तिने साधली.

तिच्या छातीच्या कातडीखाली बोटाच्या पेराएवढे यंत्र चार महिन्यांपूर्वी बसवले होते. ते ठोक्यांवर नजर ठेवते. चक्कर आली की खिशातले बटण दाबायचे. मागची काही मिनिटे दवाखान्याला पोचतात. ती पडली होती एकदाच, कॅन्टीनच्या रांगेत, ताटासकट. त्या दिवशी बावीस वर्षांची क्रेन सुटली आणि वाट्याला भांडार आले.

"ताई, उतरा खाली!" फोरमन ओरडला. "माझी नोकरी घालवाल!"

"माझी घालवलीत तेव्हा नाही ओरडलात ते?"

ती उतरली. एकेक पायरी, कठड्याला घट्ट धरून.

दुपारी दवाखान्यातून तंत्रज्ञ मुलीचा फोन आला. "मावशी, दहा वाजून अकरा मिनिटांनी काय झालं? चक्कर? धडधड?"

"काही नाही."

"मग बटण का दाबलं?"

"काही झालं नाही म्हणूनच. पडले त्याचंच सगळे विचारतात. उभी होते, तेही लिहा की."

"अहो, ते त्रास झाला तर दाबायचं असतं."

"त्रासच आहे. चार महिने नटबोल्ट मोजतेय."

मुलगी हसली. मग मध्येच थांबली. "या नोंदीतली एक जागा डॉक्टरांना दाखवावी लागेल."

"चांगली की वाईट?"

"ते मी नाही सांगू शकत. गुरुवारी या."

संध्याकाळी लेकीने दारातच गाठले. "वर चढलीस? पडली असतीस म्हणजे?"

"तर का पडते ते कळलं असतं एकदाचं."

"आम्हाला कळलं असतं, आई. तुला नाही."

क्रेनवालीने चपला काढल्या, नीट जोडून ठेवल्या. "गुरुवारी तू चल बरोबर," ती म्हणाली. "पण क्रेन सोडते असं कुठं लिहून देणार नाही. सांगून ठेवते."

दुसऱ्या दिवशी फोरमनने क्रेनच्या शिडीच्या दाराला कुलूप घातले. कुलूप भांडारातूनच न्यावे लागले आणि ते तिनेच दिले, नियमाप्रमाणे सही घेऊन. नव्या कुलपाबरोबर दोन किल्ल्या येतात. भांडाराच्या वहीत फोरमनच्या सहीपुढे तिच्या अक्षरात लिहिले आहे : किल्ली, एक.