दावं देत नसत्यात

धुरपदाबाईंनी राजदूत फटफटीच्या दिव्याला हळदकुंकू लावलं, दोन्ही चाकांवर तांब्यानं पाणी ओतलं, आणि दिव्यावरची चावी काढून आपल्या पदराच्या टोकाला घट्ट बांधली.

"मावशी, चावी?" उत्तरेश्वरनं विचारलं.

"दावं देत नसत्यात."

उत्तरेश्वर स्वतः शेतकऱ्याच्याच घरचा. बैल विकला तरी त्याला बांधायचं दावं मालक ठेवून घेतो. दावं गेलं की गोठ्याची बरकत जाते. गिऱ्हाइकानं आपलं दावं आणायचं. पण फटफटीलाही हाच कायदा लागतो, हे तो बेंबळीच्या त्या गोठ्यात पहिल्यांदाच ऐकत होता.

गोठ्यात आता एकही जनावर नव्हतं. बैल विकले, म्हैस विकली. बाईंचे मालक वारल्यापासून त्यांची राजदूत तेवढी गव्हाणीला टेकून उभी होती. भंगारवाले येऊन गेले होते. बाईंनी प्रत्येकाला खाटीक म्हणून वाटेला लावलं होतं.

"तू आमच्या गाडीवरचा कंडक्टर, म्हणून देते बाबा. पर ही जित्ती झाली की माझ्या दारात आणून दाव. दसरा झाला की माझा ल्योक रणधीर मला पुण्याला न्हेनार हाय, कायमचं. त्याच्या आत आण. न्हायतर तू बी तिला कापून खाल्ली म्हनंन म्या."

"आणतो मावशी," उत्तरेश्वर म्हणाला, आणि त्यानं जीभ चावली. त्याला साधा प्लग कसा काढतात तेही ठाऊक नव्हतं.

उन्हाळ्यात तो एसटीतून निवृत्त झाला होता. सगळी नोकरी कंडक्टरकीत गेली. मागं वळून बघायचं, कुणी चढायचं राहिलं नाही ना, मग दोरी ओढून दोनदा घंटी मारायची. गाडी हाकणारा दुसराच. घरीही स्टेअरिंग बायकोच्या, महेश्वरीच्या हातात, आणि त्याबद्दल त्याची तक्रार नव्हती. फक्त एकदा तरी आपल्या हातानं आपली गाडी हाकावी, एवढीच हौस राहिली होती.

राजदूत टेम्पोतून अंगणात उतरली तेव्हा महेश्वरी म्हणाली, "लोकं रिटायर झाल्यावर देवाला जात्यात. तुमी भंगार घेऊन आलाव."

त्याचे देव मात्र मोबाईलवर भेटले. जिल्ह्यातल्या जुन्या राजदूतवाल्यांचा एक ग्रुप होता. त्यांचा रिवाज असा, की सुटा भाग विकायचा नाही. ज्याच्याकडे दोन, त्यानं एक द्यायचा. आपल्याला लागेल तेव्हा हक्कानं मागायचा. येडशीचे सिदूअण्णा आले. मुरुमचा भुसारवाला विरुपाक्ष लाकडी पेटी घेऊन आला. दर रविवारी अंगणात तळवट अंथरला जायचा, आणि भंगार म्हणणारी महेश्वरीच कांदाभजी तळायची.

पिस्टन जाम होता. डिझेल ओतून ठेवलं, तरी किक जागची हलेना. घट बसले, माळा चढत गेल्या, आणि उत्तरेश्वरला जेवण जाईना. आपण त्या म्हातारीला फसवलं असंच त्याला वाटायला लागलं.

मग एका सकाळी किक सुटली. ठिणगीही आली. पण कार्बोरेटर कुजलेला निघाला, आणि तसा दुसरा कुणाकडेच सुटा नव्हता. विरुपाक्ष मुरुमला गेला आणि स्वतःच्या चालत्या गाडीचा कार्बोरेटर काढून घेऊन आला.

"अहो, मग तुमची गाडी?"

"झोपंल की दिवाळीपतोर. तिला काय पुण्याला जायचंय?"

उत्तरेश्वरचे डोळे भरून आले. ते लपवायला तो उगाच पाना शोधत बसला.

राहिली चावी. सिदूअण्णा म्हणाले, "खिळा घातला तरी चालतंय."

"यप्पा! नवं जनावर कुणी खिळ्यानं बांधतंय व्हय?" विरुपाक्षनं पेटीतून स्विच आणि चावी काढली. महेश्वरीनं त्या चावीला नवा करदोडा बांधला.

दसऱ्याच्या संध्याकाळी राजदूत धूर ओकत सुरू झाली. गल्लीतल्या लोकांनी कानांवर हात ठेवले. उत्तरेश्वर मात्र येड्यासारखा हसत होता. दुसऱ्या दिवशी सकाळीच धुरपदाबाई निघणार होत्या.

तो पहाटेच निघाला. मागच्या सीटवर विरुपाक्ष, शेजारून सिदूअण्णा आपल्या गाडीवर. फाट्यावर चहा घेतला, पुन्हा निघाले, आणि बेंबळीची घरं दिसायला लागली तशी राजदूत गचके देऊन बंद पडली. किकवर किक मारून त्याचा घाम निघाला. आता रणधीरची मोटार निघून जाणार, या विचारानं तो आणखी जोरात किक मारत राहिला.

सिदूअण्णा खाली वाकले आणि खो खो हसत सुटले. "पेट्रोलचा कॉक कुणी उघडायचा? म्या?"

गाडी उभी केली की कॉक बंद करायचा, हे त्यांनीच त्याला बजावलं होतं. चहाला थांबल्यावर त्यानं तो इमानानं बंद केला, आणि उघडायचा विसरला.

"आता खरा राजदूतवाला झालास गड्या!"

दारात रणधीरची मोटार उभी होती. सामान भरलेलं, घराला कुलूप. पण मोटारीत कुणीच नव्हतं. धुरपदाबाई गोठ्याचं फाटक सताड उघडून, एका अंगाला सरून उभ्या होत्या. मालक शेतातून यायचे तेव्हा उभ्या राहायच्या तशाच.

"आवाज आला तशी आई उतरून पळाली," रणधीर म्हणाला.

बाईंनी टाकीवरून हात फिरवला. खूप वेळ. मग पदराची गाठ सोडून चावी पुढं केली. "घे बाबा. आता गोठाच ऱ्हायला न्हाय. दावं ठिऊन काय करू?"

सगळी नोकरी हात पसरून पैसे घेण्यात गेलेल्या माणसानं हात मागं घेतला.

"न्हाय मावशी. माझं दावं म्या आणलंय. हे तुमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या. गोठा रिकामा झाला असं म्हणू नका."

बाईंनी मूठ मिटली.

"मोठ्या रस्त्यापतोर सोडतो. बसा."

विरुपाक्ष सिदूअण्णांच्या मागं गेला, आणि रणधीरच्या बायकोनं हात दिला तशा त्या मागं एका बाजूला पाय सोडून बसल्या. रणधीर फाटक लावायला निघाला.

"असू दे रं उघडं," त्या म्हणाल्या.

मग मुठीतली चावी त्यांनी सीटमागच्या लोखंडी दांडीवर दोनदा वाजवली. टण, टण.

उत्तरेश्वरनं सवयीनं मागं वळून पाहिलं, कुणी चढायचं राहिलं नाही ना. आणि गाडी सोडली.