साधे जुलाब

"आई, हे रक्त कधीपासून पडतंय?" प्रतिभाने विचारलं.

वरच्या वॉर्डातल्या खाटेवर मुटकुळं करून पडलेली नवसाबाई कण्हत म्हणाली, "हागवण लागली तव्हापासून. गावात लय जणांना हाय. बुधाची पिंकी तर मागल्या महिन्यात गेली बघ. तुमच्याच दवाखान्यात आणली व्हती."

प्रतिभा ताडकन उठली. ती धावत खाली रेकॉर्डच्या खोलीत गेली. गंगापूर रोडवरच्या या दवाखान्यात तिचं काम एवढंच, डॉक्टरांनी लिहिलेल्या आजाराला कोड लावायचा. पावसाळ्यात जुलाबाच्या फायलींचा नुसता ढीग पडे. शौचाच्या तपासणीचा रिपोर्ट येईपर्यंत पेशंट घरी गेलेला असे. मग साध्या जुलाबाचा कोड टाकायचा नि फाइल हातावेगळी करायची, अशी सगळ्यांचीच रीत. रिपोर्ट मागाहून नुसता टाचला जाई. रक्ताच्या हगवणीचा कोड पडला की आरोग्य खात्याला कळवावं लागे, माणसं गावात जाऊन पाणी तपासत. साध्या जुलाबासाठी कोण फिरकतो?

पिंकीची फाइल सापडली. डॉक्टरांनी 'शौचात रक्त' लिहिलं होतं. मागे टाचलेल्या रिपोर्टात जंतूचं नावही होतं. आणि वर प्रतिभानेच टाकलेला कोड, साधे जुलाब. गावाचं नाव तिच्याच माहेरचं, इगतपुरीकडचं. नाव-गाव वाचायची सवयच सुटली होती मेली! तिला स्वतःची शिसारी आली.

"अहो ताई, सगळे असंच करतात," शेजारच्या टेबलावरचा सोमनाथ म्हणाला. "आईंचा रिपोर्ट यायचाय ना? तोवर साधाच टाका."

"नाही टाकणार," ती किंचाळलीच. तिने आरोग्य खात्याला फोन लावला. गावाचं नाव सांगितलं, पिंकीचं सांगितलं, आईचंही सांगितलं. पलीकडच्या बाईंनी विचारलं, "गावात पाणी कुठलं पितात?"

"टाकीचं," ती म्हणाली. फोन तसाच टाकून ती जिने चढत सुटली.

नवसाबाईने उशाशी हात चाचपडत नेला होता. "आलीस का? ती बाटली दे गं. घरनं टाकीचं पाणी भरून आणलंय. इथलं नाय गोड लागत मला."

बाटली निम्मी झाली होती. आईचं डोकं मांडीवर घेऊन सकाळपासून प्रतिभाच तिला ते घोट घोट पाजत होती.